सलूनच्या आरशाखालची बाग

“बाई, मासे जगले, पण झाडं मेली.”

माझ्या दुकानात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य हेच. गिऱ्हाईक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन यायचं आणि त्यातून काहीतरी काळपट, बुळबुळीत काढून काउंटरवर ठेवायचं. मी त्या पिशवीकडे बघायचीसुद्धा नाही. विचारायची, “दिवा कोणता लावलाय?” माणूस गोंधळायचा. खत विचारा, पाणी विचारा, माशांचं खाणं विचारा. दिव्याचं काय? दिवा तर मासे दिसावेत म्हणून असतो!

दुकान बंद करून आता बरीच वर्षं झाली, तरी हा विषय माझी पाठ सोडत नाही. परवा भाच्यानं पुण्याहून फोन केला. त्यानं नवी फिशटँक घेतली आहे आणि एलईडीच्या पट्ट्या बघून बघून त्याचं डोकं भणभणलंय. एकीत लाल-निळे ठिपके, दुसरी मोबाईलवरून चालते, तिसरीची किंमत ऐकून घाम फुटतो.

“मावशी, स्वस्तात चांगली कुठली?”

“पाणी किती खोल आहे ते आधी सांग,” मी म्हटलं.

“अगं, मी दिव्याचं विचारतोय.”

“मीही दिव्याचंच सांगतेय.”

हे सगळं मी शिकले नव्वदच्या दशकात, श्रीरामपुरात. तेव्हा एलईडी म्हणजे टेपरेकॉर्डरवर लुकलुकणारा लाल ठिपका. आमच्या हाताशी होती ती ट्यूबलाइट, तिचा चोक आणि तिचा स्टार्टर. गावाचं नाव श्रीरामपूर, पण स्टेशनचं नाव बेलापूर, त्यामुळे मुंबईहून निघालेली माझी झाडांची पार्सलं अधूनमधून भलतीकडेच हिंडून यायची. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली झाडं उघडली की निम्मी गेलेली. उरलेल्यांना मी जीव लावायची.

या धंद्यात मी पडले ती वडिलांमुळे. त्यांचा लाउडस्पीकर आणि रोषणाई भाड्यानं द्यायचा व्यवसाय होता. चर्चमधला नाताळ असो, कुणाचं लग्न असो की जयंतीची मिरवणूक, दिव्यांच्या माळा आमच्याच. भाऊ शिकून बाहेर पडले आणि पिना, प्लग, वायरी यांच्यात मीच वाढले. लग्न झालं तेही गावातच, रेल्वेतल्या माणसाशी. मिस्टरांची ड्यूटी कधी सकाळची, कधी दुपारची. घरात बसून मला कंटाळा यायचा. वडिलांच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी त्यांच्या फिशटँकचा दिवा दुरुस्त करायला दिला. तो दुरुस्त करता करता मी त्या पाण्यातल्या झाडांकडे बघत बसले, आणि जी बसले ती उठलेच नाही म्हणायला हरकत नाही. बाजारपेठेमागच्या गल्लीत छोटं दुकान घेतलं. गावातल्या लोकांना आधी वाटलं, बाई मासे विकते म्हणजे बोंबील-सुकट असणार. बरेच दिवस लोक वास घेतच दुकानात शिरायचे.

आता थोडं दिव्याबद्दल. पाण्यातलं झाडही झाडच असतं. त्याचं अन्न उजेडात तयार होतं. साधा पिवळा बल्ब लावला तर त्यातून उजेड कमी आणि उष्णता जास्त. पाणी तापतं, मासे कावतात आणि झाडं उंच, लुळी, फिकी होतात. मुंबईला परदेशी बनावटीच्या खास गुलाबी ट्यूबा मिळायच्या. त्यांच्याखाली लाल मासा असा दिसायचा की बघत राहावं. पण एका ट्यूबच्या किमतीत आमच्याकडे आख्खी टाकी झाली असती. म्हणून मी दुकानातच दोन सारख्या टाक्या शेजारी शेजारी मांडल्या. एकीवर मोठ्या हौसेनं आणलेली गुलाबी ट्यूब, दुसरीवर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी साधी पांढरी. काही महिन्यांनी दोन्हीकडची झाडं सारखीच वाढलेली दिसली. पांढऱ्याखालची तर जरा भरदारच वाटली, पण तो कदाचित माझ्या मनाचा कौल असेल. त्या दिवसापासून मी गिऱ्हाइकाला सांगायला लागले, दिव्यावर पैसे उधळू नका, दिवा आहे त्यात भागेल अशी टाकी घ्या. टाकी उथळ आणि पसरट ठेवा, म्हणजे उजेड तळापर्यंत पोचतो. ट्यूबवर पत्र्याचं पन्हळ बसवा आणि आतून पांढरा रंग द्या, म्हणजे वर वाया जाणारा उजेड खाली येतो. आणि वर्षाकाठी ट्यूब बदला. आपल्या डोळ्यांना ती तशीच लखलखीत दिसते, झाडांना मात्र तिचं म्हातारपण आधी कळतं.

लोक ऐकायचे आणि आपल्या मनाचंच करायचे. एका मिठाईवाल्यानं टाकी भट्टीजवळ ठेवली आणि मासे सुस्तावले म्हणून माझ्याशी भांडायला आला. एका इंजिनियरसाहेबांनी ट्यूबला लाल जिलेटिनचा कागद गुंडाळला, कारण दिवाणखान्यातल्या सोफ्याचा रंग लाल होता. एक आजोबा रोज संध्याकाळी दुकानात यायचे, काही घ्यायचे नाहीत, स्टुलावर बसून गवताची पाती हलताना बघायचे आणि “चला, देवाची कृपा” म्हणून उठायचे. त्यांच्याकडून मी कधी काही मागितलं नाही. तेही माझं गिऱ्हाईकच होतं.

पण ज्याच्यासाठी हा लेख लिहायला बसले तो एकनाथ. एकनाथ केशकर्तनवाला.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी रस्त्याच्या दोन बाजूंना दोन सलून होती, समोरासमोर. एक एकनाथचं, दुसरं त्याच्या चुलतभावाचं, रमेशचं. आधी एकच दुकान होतं. दोघं एकनाथच्या वडिलांच्या हाताखाली शिकले, शेजारीशेजारी उभे राहून कैची चालवायचे. म्हातारे गेल्यावर नवा बोर्ड रंगवायचा झाला आणि त्यावर कुणाचं नाव आधी, यावरून बोलाचाली झाली. रमेशनं समोर गाळा घेतला. बोलणं बंद झालं ते झालंच. दोघांच्या बायका दळणाच्या गिरणीत भेटल्या की हळूच बोलायच्या, पुरुष मात्र एकमेकांच्या दुकानाकडे पाठ करून दाढ्या करायचे.

मग गावात केबल आली आणि रमेशनं सलूनमध्ये रंगीत टीव्ही बसवला. एकनाथकडची रांग बघता बघता रस्ता ओलांडून गेली.

एक दिवस दुपारी एकनाथ माझ्या दुकानात आला. खांद्यावर टॉवेल तसाच.

“बाई, टीव्हीला टक्कर दील असं काय हाय का तुमच्याकडं?”

मला हसू आलं, पण त्याचा चेहरा बघून आवरलं.

“माझ्याकडे मासे आहेत, एकनाथभाऊ.”

“मासे तर मासे. पन जित्ती बाग पायजे आत. त्या डॉक्टरकडं हाय तशी. प्लास्टिकचं नगं. गिऱ्हाईक अर्धा घंटा मान खाली घालून बसतंय, त्याला बघायला काय तरी पायजे का न्हाई?” मग तो म्हणाला, “आनि बाई, स्वस्तात बसवा. टीव्ही घ्यायची ऐपत असती तर तुमच्याकडं आलोच नसतो.”

इतकं खरं बोलणारं गिऱ्हाईक मला आवडतं. मी म्हटलं, जागा बघायला येते.

म्हटलं खरं, पण अडचण होती. त्या काळी बायका सलूनची पायरी चढत नसत. मुलाला सोडायचं तरी रस्त्यावरून हाक मारायची. मिस्टर म्हणाले, “तू मापं सांग, मी घेऊन येतो.” मी म्हटलं, “उजेडाची मापं टेपनं घेता येत नाहीत.” मग एकनाथच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी मी गेले, मिस्टर दाराशी पेपर वाचत उभे. त्यांचा पेपर उलटा होता असं मी आजही सांगते. ते नाही म्हणतात.

दुकान लहान. दोन खुर्च्या, समोर लांबलचक आरसा, त्याच्यावर एक ट्यूब, खाली फळी. कोपऱ्यात टाकी ठेवावी असं एकनाथच्या मनात होतं. तिथे अंधार, म्हणजे टाकीला वेगळी ट्यूब, वेगळा चोक, वेगळी वायरिंग, आणि वर बिलाचा बोजा. मी खुर्चीत बसून बघितलं. बाई सलूनच्या खुर्चीत बसलेली बघून एकनाथनं पटकन दुसरीकडे तोंड फिरवलं. आरशावरची ट्यूब माझ्या तोंडावर उजेड टाकत होती. तिचा निम्मा उजेड फळीवर पडून वाया जात होता.

“ही ट्यूब खाली घेऊ,” मी म्हटलं. “फळीवर उथळ टाकी ठेवू, आरशाला चिकटून. ट्यूब टाकीच्या वर. खालच्या अंगानं झाडांना उजेड, पुढच्या अंगानं गिऱ्हाइकाच्या दाढीला. एकाच ट्यूबमध्ये दोन्ही कामं. आणि मागं आरसा आहे, त्यामुळे उजेडही दुप्पट वाटेल आणि मासेही.”

एकनाथनं आरशात बघितलं, फळीकडे बघितलं आणि म्हणाला, “म्हंजी गिऱ्हाइकानं मान खाली घातली तरी मासे, वर केली तरी मासे.”

“हो.”

“मग टीव्ही काय झक मारतोय!”

पन्हळ बनवायला आमच्या गल्लीतले पत्र्याचे कारागीर, नूरचाचा, होते. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्यांनी असं पन्हळ बनवलं की खालून उजेड टाकीत आणि पुढून एका फटीतून चेहऱ्यावर. आतून पांढरा ऑइलपेंट. ट्यूबवर ओल चढू नये म्हणून टाकीवर काचेचं झाकण. झाडं मी मुद्दाम साधी निवडली. रिबिनीसारखं लांब गवत, जे कमी उजेडातही तग धरतं आणि मुळांतून पिल्लं सोडत पसरतं. त्याच्यापुढे बुटकी, रुंद पानांची दोन-चार. नाजूक, लाल पानांची झाडं एकनाथला फार आवडली होती. मी ती त्याला विकली नाहीत. “त्यांना या ट्यूबमध्ये भागणार नाही,” मी म्हटलं. “महिन्याभरात ती पिशवीत घालून परत आणाल.” तो नाराज झाला. पण विकायचं नाही हे सांगणं हाही धंद्याचाच भाग असतो.

पहिले दिवस वाईट गेले. एकनाथच्या दुकानात हवेत केस आणि पावडर. झाकण असूनही पाण्यावर साय धरायची. मी त्याला रोज सकाळी पाण्यावरून वर्तमानपत्राचा कागद फिरवायला शिकवलं, साय कागदाला चिकटून निघून येते. ते जमलं, तोवर काचेवर हिरवं शेवाळ चढायला लागलं.

“बाई, बाग पायजे हुती, डबकं झालं,” एकनाथ म्हणाला.

चूक कुणाची नव्हती. सलून सकाळी उघडायचं ते रात्री जेवणवेळेपर्यंत, आणि तेवढा वेळ ट्यूब चालू. झाडांचं पोट त्याच्या आधीच भरतं. त्यांना पुरून उरलेला उजेड शेवाळ खातं. आता गिऱ्हाइकाला संध्याकाळी अंधारात बसवायचं का? मी दुसऱ्या ट्यूबचा विचार करत होते आणि एकनाथ खर्चाच्या भीतीनं गप्प होता. तेवढ्यात त्याची बायको मंगल डबा घेऊन आली. तिनं सगळं ऐकलं आणि शिळा पेपर उचलून टाकीवरच्या काचेच्या झाकणावर पसरला.

“झालं,” ती म्हणाली. “दुपारच्या टायमाला असंच झाकायचं. उजेड दाढीवर पडंल, टाकीत न्हाई.”

खरंच झालं! ट्यूबच्या पुढच्या फटीतून उजेड चेहऱ्यावर, खाली पाण्यात सावली. त्यानंतर शेवाळ हटलं आणि गवत असं फोफावलं की आरशाच्या खालच्या कडेला हिरवी झालर लागल्यासारखं दिसायला लागलं. पात्यांवर बारीक बुडबुडे बसायचे, मधूनच एखादा सुटून वर जायचा. गिऱ्हाईक त्या बुडबुड्यांकडे बघत बसायचं आणि एकनाथची कैची बिनबोभाट चालायची.

टीव्हीला टक्कर मिळाली का? मिळाली, पण आम्ही समजलो होतो तशी नाही. तरुण पोरं रमेशकडेच राहिली. एकनाथकडे लहान मुलं यायला लागली. जी मुलं खुर्ची बघूनच भोकाड पसरायची ती आता आपण होऊन चढायची. आणि मुलं आली म्हणून त्यांच्या आया आल्या. आधी दारापर्यंत, मग आतल्या बाकड्यापर्यंत. एका आईनं भीत भीत विचारलं, “आमच्या मुलीचा बॉबकट कराल का?” एकनाथ क्षणभर घुटमळला. मग म्हणाला, “बसवा की खुर्चीत.” तशी मी रोजच टाकी बघायला जात होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला तिथे अवघडल्यासारखं वाटलं नाही.

आमच्या गावात ख्रिस्ती वस्ती मोठी, आम्हीही त्यातलेच. डिसेंबर लागला की सलूनवाल्यांची दुसरी दिवाळी. कोऱ्या कपड्यांना साजेसे केस हवेत, मिशनच्या शाळेतली मुलं रांगेनं यायची. त्या वर्षी नेमकी नाताळच्या आठवड्यात आमच्या गल्लीला वीज देणारी डीपी जळाली. सगळी गल्ली अंधारात. वायरमन म्हणाला, “वरून दुसरी आल्याशिवाय काही खरं नाही. दोन दिवस लागतील, चार लागतील.”

लोकांना वाटतं पाण्यात झाडं आहेत म्हणजे माशांना हवा आहेच. उजेडात ते खरं. उजेड असला की झाड प्राणवायू सोडतं, तेच ते बुडबुडे. पण अंधारात झाडही आपल्यासारखंच श्वास घेतं. म्हणजे दिवा नाही आणि हवेचा पंपही नाही, अशा दाट बागेच्या टाकीत एका हवेवर मासे आणि झाडं दोघांनी भागवायचं. माझंही दुकान त्याच डीपीवर. मी प्रत्येक टाकीत मगानं पाणी वर उचलून उंचावरून ओतत होते, तेवढीच हवा मिसळते. हाताला गोळे आले. जरा उसंत मिळाली तशी मी एकनाथकडे धावले.

त्यानं खुर्ची ओढून दाराशी, उजेडाला आणली होती. बाहेरपर्यंत मुलांची रांग. एकनाथ दोन कैच्या मारायचा, आत पळायचा, मगानं पाणी ओतायचा, परत यायचा. खुर्चीतल्या माणसाचा साबण वाळून चालला होता. टाकीत सगळे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडमिट करत होते. एक मुलगी काचेला नाक लावून विचारत होती, “काका, ते काय म्हणतायत?”

एकनाथ माझ्याकडे बघून म्हणाला, “बाई, हे मेले तर मी ही टाकी पुन्यांदा भरनार न्हाई. पोरं रोज येऊन इच्यारतील, माज्याच्यानं सांगवनार न्हाई.”

आणि रस्त्यापलीकडून जनरेटरची भडभड ऐकू येत होती. रमेशनं मॅचसाठी रॉकेलवर चालणारा छोटा जनरेटर घेतलेला होता. गल्लीत तेवढाच एक.

मी सरळ रस्ता ओलांडला आणि रमेशच्या सलूनमध्ये शिरले. आत पंचवीस-तीस माणसं, सगळ्यांची तोंडं टीव्हीकडे, आणि खुर्चीत मात्र कुणी नाही. रमेश कैची हातात घेऊन उभा. बाई आत आलेली बघून माणसांनी पाय आवरून घेतले.

“रमेशभाऊ, जनरेटरवरून एक वायर हवी आहे. समोर.”

त्याचा चेहरा आक्रसला. “त्यानं पाठवलं का तुमाला?”

“नाही. त्याला कळलं तर तो मलाच दुकानातून घालवील.”

“मग तुमी कशापायी आलाय?”

“टाकी मी लावली आहे. मासे मरतायत.”

रमेशनं टीव्हीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, गेलं. मग तो म्हणाला, “लोड किती हाय?”

“एक ट्यूब आणि पंप. पंप म्हणजे अगदी झिरोच्या दिव्याएवढा.”

“माशांनी माजं काय वाकडं केलंय,” तो पुटपुटला आणि माळ्यावरून वायरचं भेंडोळं काढून माझ्या हातात दिलं. “हिकडचं मी जोडतो. तिकडचं तुमी जोडा. मी तिकडं येनार न्हाई.”

वडिलांच्या मिरवणुकांमध्ये मी इतक्या वायरी ओढल्या होत्या की तो रस्ता म्हणजे काहीच नव्हता. एका बोर्डाच्या खिळ्यावरून विजेच्या रिकाम्या खांबाला वळसा आणि तिथून एकनाथच्या बोर्डाला. माणसं माना वर करून बघत होती. मी वायरचं टोक घेऊन आत आले तेव्हा एकनाथच्या हातात वस्तरा होता.

“कुनाची वायर?”

“जनरेटरची.”

तो काय समजायचं ते समजला. वस्तरा तसाच धरून तो टाकीसमोर उभा राहिला. मागं खुर्चीतला माणूस, दारात मुलं. मग तो एवढंच म्हणाला, “जोडा.”

पंप घुरघुरला. ट्यूब दोनदा लुकलुकली आणि लागली. गवत एकदम हिरवंगार उजळलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि त्याच वेळी समोरून आरडाओरडा झाला. मी काही ठिणगीबिणगी उडाली की काय म्हणून पळत गेले. जनरेटर नव्या ओझ्यानं कण्हत होता आणि टीव्हीवरचं चित्र चारी बाजूंनी आखडलं होतं.

“ए रमेश, काढ ती वायर! आपला बॅट्समन बुटका झाला!” कुणीतरी ओरडलं.

“बुटका झाला तरी धावा तेवढ्याच हुत्यात,” रमेश म्हणाला आणि त्यानं आपल्या आरशावरचे रंगीत दिवे बंद केले. चित्र जरासं उघडलं. पुढचे दोन दिवस, लाइट येईपर्यंत, तो मॅच संपली तरी जनरेटर चालू ठेवायचा. सकाळी दुकान उघडलं की आधी जनरेटर, मग कुलदेवतेला उदबत्ती. एकनाथचा एकच मासा गेला, तोही म्हातारा होता. नाताळच्या सकाळी चर्चमध्ये मी पुढच्या बाकांवरची कोरीव मानांची रांग बघितली आणि माझं उपासनेतलं लक्ष जरा ढळलं, हे कबूल करते.

एकनाथनं वायर गुंडाळून माझ्यापुढे ठेवली. “एवढी पोचती करा, बाई.”

“मी वायर ओढून देते, पोचवून देत नाही,” मी म्हटलं. वायर त्याच्या दुकानातल्या खुंटीवर लटकत राहिली.

नवं वर्ष लागल्यावर एक दिवस रमेश माझ्याकडे आला. इकडचं तिकडचं बोलला, काचेवर बोट फिरवलं, शेवटी म्हणाला, “मलाबी टाकी पायजे. टीव्हीवर नुसती गर्दी व्हते, दाढीला कोन बसत न्हाई. त्याच्यासारखीच पायजे. एका ट्यूबमधली.”

नूरचाचांकडून पन्हळ आलं, टाकी बसली, वाळू पडली, पाणी भरलं. झाडं मात्र आली नाहीत, पार्सल पुन्हा कुठेतरी रुळांवर हिंडत होतं. एके दिवशी सकाळी मी एकनाथकडे पंपाची नळी बदलायला गेले होते. खुर्चीत आमचे मिस्टर, तोंडाला साबण, डावा गाल झालेला. मी सहज म्हटलं, “रमेशभाऊंची टाकी चार दिवस रिकामीच आहे. झाडं मिळेनात.”

एकनाथचा हात थांबला. त्यानं वस्तरा पुसून फळीवर ठेवला. बाह्या सरसावल्या, टाकीवरचं झाकण बाजूला केलं आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घालून गवताची पिल्लं मुळासकट हलकेच सोडवायला लागला. चांगली मूठभर निघाली. दाढीचा मोठा पितळी मग होता, तो धुऊन त्यात पाणी घेतलं, त्यात ती पाती उभी केली. मग खुंटीवरची वायर खांद्याला अडकवली आणि कुणाला काही न सांगता रस्ता ओलांडून गेला.

आम्ही दोघं बघत राहिलो. पलीकडे रमेश दारात आला. दोघं काय बोलले ते ऐकू आलं नाही. बहुतेक काही बोललेच नसावेत. एकनाथ आत गेला आणि टाकीवर वाकला. रमेशनं टीव्हीचा आवाज बंद केला.

“अगं, माझी अर्धी दाढी!” मिस्टर म्हणाले.

“बसा जरा.”

ते बसले. साबण वाळला. एकनाथ काही परत येईना. एकेक पातं वाळूत खोचायचं म्हणजे वेळ लागतोच, आणि मीच त्याला घाई करू नये म्हणून शिकवलं होतं. शेवटी मिस्टर कंटाळून उठले, गळ्यातला टॉवेल सांभाळत, अर्ध्या तोंडाला साबण तसाच, भर रस्त्यातून पलीकडे गेले आणि रमेशच्या खुर्चीत जाऊन बसले. रमेशनं काही न विचारता ब्रश घेतला.

घरी आल्यावर मिस्टर बराच वेळ आरशासमोर उभे होते. दोन्ही गालांवरून हात फिरवून बघत होते.

“डावा एकनाथचा, उजवा रमेशचा,” ते म्हणाले. “हात लावून सांग बरं, काही फरक कळतो का?”

मी हात लावून बघितला. नव्हता कळत.